लाल बोया पेटतो कसा? ठिपक्यांनी रंगवलेल्या बंदराची गोष्ट

पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात पॉल सिन्याक या फ्रेंच चित्रकाराचं 'लाल बोया' नावाचं एक उभं तैलचित्र आहे. (बोया म्हणजे बंदरात पाण्यावर तरंगत ठेवलेली खूण.) १८९५ सालचं, साधारण ८१ सेंटीमीटर उंच आणि ६५ सेंटीमीटर रुंद. दक्षिण फ्रान्समधल्या सां-त्रोपे या बंदराचं हे चित्र. वरच्या अंगाला धक्क्यालगतची घरं आहेत, उन्हाने पिवळी-गुलाबी झालेली. शिडाच्या होड्या आहेत. त्याखाली चित्राचा बराच मोठा भाग नुसतं पाणी. घरांची प्रतिबिंबं त्या पाण्यात तुटत, वळत खाली उतरतात आणि अगदी पुढे, गडद निळ्या पाण्यात, शेंदरी-लाल रंगाचा एक बोया तरंगतो. घरं, शिडं, पाणी, बोया, सगळं कुंचल्याच्या छोट्या छोट्या टिपक्यांनी भरलेलं आहे. सलग लावलेला रंग कुठेच नाही.

तो बोया पेटल्यासारखा दिसतो. सिन्याककडे काही जगावेगळा लाल रंग नव्हता; रंगाच्या दुकानात कोणालाही मिळत होत्या तशाच नळ्या त्याच्याकडेही होत्या. मग हा उजेड आला कुठून?

या शैलीला आपण बिंदुवाद किंवा पॉइंटिलिझम म्हणतो. तिच्याबद्दल शाळेच्या पुस्तकापासून इंटरनेटवरच्या लेखांपर्यंत एकच वाक्य भेटतं: चित्रकार शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवतो, लांबून पाहिलं की ते डोळ्यात मिसळतात आणि जास्त तेजस्वी रंग दिसतो. हे वाक्य निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं समजलं की 'लाल बोया'सारखं चित्र बघण्याची गंमत कितीतरी वाढते, म्हणून ते जरा सावकाश उलगडू या.

आधी रंग मिसळण्याचं. पॅलेटवर पिवळा आणि निळा कालवला की हिरवा होतो, हे लहान मुलालाही माहीत असतं. पण का होतो? पिवळं रंगद्रव्य त्याच्यावर पडलेल्या पांढऱ्या उजेडातला निळा भाग गिळतं आणि तांबडा व हिरवा परत पाठवतं. निळं रंगद्रव्य मुख्यतः तांबडा भाग गिळतं. दोन्ही एकत्र कालवले की दोघंही आपापला वाटा गिळतात आणि दोघांच्या तावडीतून सुटलेला थोडासा हिरवा तेवढा बाहेर येतो. म्हणजे रंग कालवणं ही वजाबाकी आहे. जितके रंग जास्त कालवाल तितका उजेड कमी उरतो, आणि शेवटी पॅलेटवर चिखल होतो. ज्याने कधी जलरंगात हात घातला आहे त्याला हा चिखल चांगला ओळखीचा असेल.

आता तेच दोन रंग न कालवता बारीक ठिपक्यांनी शेजारी शेजारी ठेवले आणि इतक्या लांबून पाहिले की ठिपके वेगळे कळेनासे झाले, तर? इथे कोणी कोणाचा उजेड गिळत नाही. पिवळ्या ठिपक्याचा उजेड आणि निळ्या ठिपक्याचा उजेड डोळ्याच्या पडद्यावर एकाच जागी पडतो आणि त्यांची सरासरी होते. समजा एक ठिपका पडलेल्या उजेडाच्या ८० टक्के उजेड परत पाठवतो आणि दुसरा २० टक्के. दोघांनी निम्मी निम्मी जागा व्यापली असेल तर आपल्याला ५० टक्के मिळतो. कालवलेल्या रंगापेक्षा हा आकडा बहुतेक वेळा जास्त असतो. पण ८० पेक्षा तो कधीच जास्त होणार नाही. सरासरीचा नियमच तसा आहे. ठिपक्यांमुळे रंग मुळापेक्षा उजळ होतो असं जे म्हटलं जातं, त्याला भौतिकशास्त्राचा आधार नाही.

आणखी एक अडचण आहे. पिवळा म्हणजे तांबडा अधिक हिरवा उजेड, आणि निळा म्हणजे निळा. तिघांची सरासरी काढली की जवळपास राखाडी. म्हणजे पिवळ्या-निळ्या ठिपक्यांतून लांबून हिरवं गवत दिसतं, हा समज चुकीचा आहे. दिसेल ती करडी धूळ. तांबडे आणि हिरवे ठिपके मिसळले तर मळकट पिवळा-तपकिरी मिळतो. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८५० च्या दशकात रंगीत चकत्या गरागरा फिरवून हे मोजून दाखवलं होतं. ऑग्डन रूड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने, जो स्वतः हौसेने जलरंगात चित्रंही काढायचा, १८७९ मध्ये रंगांवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात ही सरासरी चित्रकारांना कळेल अशा भाषेत मांडली. १८८१ मध्ये त्याचा फ्रेंच अनुवाद आला आणि तो पॅरिसमधल्या झॉर्ज सरा नावाच्या विशीतल्या तरुणाच्या हाती पडला. ठिपक्यांची ही पद्धत ज्याने उभी केली तो हा सरा. तेव्हा विरोधी रंग, म्हणजे सगळे रंग एका चक्रात मांडले की समोरासमोर येणारे रंग, मिसळले की राखाडी होतात, हे या मंडळींना माहीत होतं. तरीही त्यांनी ठिपके का निवडले?

त्याचं उत्तर एका विणकामाच्या कारखान्यात सापडतं. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात राजेरजवाड्यांसाठी भिंतीवर टांगायची चित्रांची वस्त्रं विणली जात. १८२४ मध्ये तिथल्या रंगाई विभागाचा प्रमुख म्हणून मिशेल यूजीन शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ आला. त्याच्याकडे तक्रार आली की काळी लोकर नीट काळी रंगत नाही; निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत ती फिकी पडते. शेव्रलने इतर ठिकाणची काळी लोकर आणून ताडून पाहिली. गोब्लँची लोकर तितकीच काळी होती. दोष रंगाईत नव्हताच, शेजारच्या रंगात होता. निळ्या-जांभळ्याच्या शेजारी बसल्यावर आपला डोळाच त्या काळ्याचा काळेपणा कमी करत होता. या एका तक्रारीवरून त्याने वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १८३९ मध्ये आपला नियम छापला: दोन रंग शेजारी आले की प्रत्येक रंग दुसऱ्याला आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतो. हिरव्याशेजारचा लाल आणखी लाल दिसतो, निळ्याशेजारचा केशरी आणखी केशरी. गडदाशेजारचा फिका आणखी फिका.

पैठणी नेसणाऱ्या घरात हे वेगळं सांगायला नको. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेतला की धूपछाव वस्त्र तयार होतं. धागे इतके बारीक की दोन्ही रंग वेगळे मोजता येत नाहीत, पण ते पूर्ण विरघळतही नाहीत. पदर हलला की वस्त्र झळकतं. त्याच साडीला विरोधी रंगाचा सलग काठ लावला की अंग आणि काठ दोन्ही उठून दिसतात. बारीक धाग्यांत रंग एकमेकांकडे सरकतात, रुंद काठाशी ते एकमेकांपासून दूर पळतात. विणकराच्या हाताला हे दोन्ही नियम पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. सरा आणि सिन्याक यांनी कॅनव्हासवर हेच दोन नियम जाणूनबुजून, हिशेबाने वापरले.

'लाल बोया'त ते कसे वापरलेत ते पाहा. पुढच्या पाण्यातले टिपके निळे, जांभळट निळे, हिरवट निळे असे आहेत, म्हणजे रंगचक्रावर एकमेकांचे सख्खे शेजारी. हे मिसळले तरी राखाडी होत नाहीत, निळेच राहतात, फक्त तो निळा एकसुरी राहत नाही. घरांमध्ये पिवळा, केशरी, गुलाबी. तेही एकमेकांचे भाऊबंद. विरोधी रंग समोरासमोर येतात ते मुख्यतः क्षेत्रांच्या सीमेवर: केशरी घरं आणि निळी सावली, केशरी प्रतिबिंब आणि निळं पाणी, आणि सगळ्यात ठळकपणे, निळ्याने चारी बाजूंनी वेढलेला तो शेंदरी बोया. शेव्रलचा नियम तिथे पूर्ण ताकदीने लागू होतो. भोवतालचा निळा डोळ्याला केशरी-लालकडे ढकलतो, बोया पाण्याला आणखी निळं करतो. चित्रकाराने इतकं पाणी का ठेवलं, याचंही उत्तर त्यात मिळतं. बोयाला पेटायला तेवढी निळी जमीन हवी होती.

आता ठिपके डोळ्यात मिसळतात या वाक्याकडे पुन्हा वळू. निरोगी डोळ्याला दोन गोष्टी वेगळ्या दिसण्यासाठी त्यांच्यात किमान एक मिनिट कोन लागतो, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. हिशेब केला तर १ मिलिमीटरचा ठिपका दिसेनासा व्हायला सुमारे साडेतीन मीटर मागे जावं लागतं. ३ मिलिमीटरचा ठिपका असेल तर १० मीटर. सिन्याकने पुढे १९०० च्या आसपास बोटाच्या पेराएवढे रुंद चौकोनी फटकारे मारायला सुरुवात केली. ते पुरते मिसळायला तर ३०-४० मीटर मागे जावं लागेल. संग्रहालयात कोणी एवढ्या लांबून चित्र बघत नाही. बहुतेक लोक दोन-तीन मीटरवर उभे असतात. तिथून ठिपके दिसतातच.

मला वाटतं, या चित्रांची सगळी जादू इथेच आहे. रंगांचा भेद ओळखण्यात आपला डोळा उजेड-अंधाराचा भेद ओळखण्याइतका तीक्ष्ण नाही. त्यामुळे मागे सरकत गेलं की आधी ठिपक्यांचे रंग एकमेकांत मुरायला लागतात, पण ठिपके अजून असतात, त्यांच्या कडा थोड्या थोड्या जाणवत असतात. मेंदूला एकाच वेळी दोन निरोप मिळतात: हा एक सलग निळा आहे, आणि हे वेगवेगळे तुकडे आहेत. तो दोन्हींच्या मध्ये झुलत राहतो. त्या झुलण्याला आपण झगमग म्हणतो, कंप म्हणतो. पूर्ण मिसळलेलं चित्र झगमगलंच नसतं, सपाट दिसलं असतं. ठिपक्यांचं अर्धवट मिसळणं हीच त्या तंत्राची खरी कमाई आहे.

याचा पडताळा हाताशी आहे. वर्तमानपत्रातला रंगीत फोटो भिंगाखाली धरा. आकाशी, गुलाबी, पिवळा आणि काळा अशा चार शाईंचे ठिपके दिसतील. मोबाइलच्या पडद्यावर लाल, हिरवे, निळे असे दिवे असतात. तिथे ठिपके मुद्दाम इतके बारीक ठेवले आहेत की ते कधी दिसूच नयेत. मिसळण पूर्ण होते आणि म्हणूनच वर्तमानपत्रातला समुद्र झगमगत नाही. सिन्याकने ठिपका एवढा मोठा ठेवला की तो लपू नये. स्वतः सिन्याक तर 'ठिपके' या शब्दावर चिडायचा. आपण ठिपके मारत नाही, रंग विभागतो, असं त्याने १८९९ मध्ये छापलेल्या पुस्तकात ठासून सांगितलं. पाण्यासाठी आडवे फटकारे, आकाशासाठी वेगळे. आकार महत्त्वाचा नाही, प्रत्येक रंग स्वच्छ आणि सुटा राहणं महत्त्वाचं.

पण बंदरच का? सराचं सगळ्यात गाजलेलं चित्र पॅरिसजवळच्या नदीकाठच्या रविवारचं आहे, 'ला ग्रांद जात'. सुमारे दोन मीटर उंच, तीन मीटर रुंद, दोन वर्षं खपून केलेलं, आणि १८८६ मध्ये इम्प्रेशनिस्ट, म्हणजे समोरचा बदलता उजेड झटपट टिपणाऱ्या, चित्रकारांच्या आठव्या आणि शेवटच्या प्रदर्शनात मांडलेलं. त्याच वर्षी समीक्षक फेलिक्स फेनेआँ याने या नव्या मंडळींना 'निओ-इम्प्रेशनिस्ट' हे नाव दिलं. पण हिवाळाभर स्टुडिओत अशी अवाढव्य चित्रं केल्यावर सरा उन्हाळ्यात फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्याकडे धाव घ्यायचा. १८८५ मध्ये ग्रांकां, १८८६ मध्ये ओंफ्लर, १८८८ मध्ये पोर-आँ-बेसाँ, १८८९ मध्ये ल क्रोत्वा, १८९० मध्ये ग्राव्हलिन. स्टुडिओतल्या दिवसांनी मळलेले डोळे धुवायला आपण तिथे जातो, असं तो म्हणायचा. त्याची बंदरं फार शांत असतात. ओहोटीची वाळू, धक्क्याची सरळ रेघ, एखादा दीपस्तंभ, माणूस क्वचितच. इंग्लिश खाडीवरचं ढगाळ, दुधी ऊन त्याने फिकट ठिपक्यांत असं पकडलं आहे की हवेतली बाष्पसुद्धा जाणवते. मला ती 'ला ग्रांद जात'पेक्षाही जवळची वाटतात. मार्च १८९१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, सरा अचानक आजारी पडून गेला.

सिन्याक त्याच्याहून चार वर्षांनी लहान. १८८४ मध्ये दोघांची ओळख झाली ती पॅरिसमध्ये 'स्वतंत्र कलावंतांची' संस्था उभी राहिली तेव्हा. ठरलेल्या परीक्षकांशिवाय कोणालाही चित्र मांडता यावं यासाठीची ती संस्था होती. मित्र गेल्यावर या पद्धतीची धुरा सिन्याकवर आली. तो हाडाचा दर्यावर्दी होता, आयुष्यभरात त्याच्याकडे तीसहून जास्त होड्या झाल्या. १८९२ मध्ये तो आपल्या होडीतून सां-त्रोपेला पोचला. आज तिथे श्रीमंतांच्या यॉट लागतात, तेव्हा ते कोळ्यांचं छोटंसं गाव होतं. सिन्याक त्या गावाच्या प्रेमात पडला आणि १८९७ मध्ये त्याने तिथे घरच घेतलं.

बंदर या तंत्राला जणू मापून दिलेलं होतं. हलतं पाणी हा आपण होऊनच ठिपक्यांचा विषय आहे. प्रत्येक लाट म्हणजे एक छोटा कलता आरसा: एका उतारावर आकाश, दुसऱ्यावर घराची भिंत, तिसऱ्यावर खालचा खोल निळा. पाण्यात प्रतिबिंब सलग कधी पडतच नाही, तुकड्यातुकड्यांनी पडतं. ज्याने मुरुड-हर्णैच्या जेट्टीवर उभं राहून रंगीत होड्यांची पाण्यातली रूपं पाहिली आहेत, त्याला हे डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडणार नाहीत. चित्रकाराला ठिपके लादावे लागत नाहीत, समोरचं दृश्यच ते मागतं.

मात्र हे काम बंदरावर बसून होणारं नव्हतं. तैलरंग सावकाश सुकतो, आणि ओल्या ठिपक्यावर दुसरा ठिपका टेकवला की दोन्ही कालवले जातात, म्हणजे ज्या चिखलापासून पळायचं तोच पुन्हा हाती येतो. म्हणून एक थर सुकू द्यायचा, मग पुढचा. तोवर ऊन कुठल्या कुठे गेलेलं असतं. सिन्याक बंदरावर झटपट टिपणं आणि जलरंगातली रेखाटनं करायचा आणि मोठं तैलचित्र स्टुडिओत उभं करायचा. पॅलेटवर मातकट रंग आणि काळा नसायचा. कॅडमियमचे पिवळे, शेंदरी, मंजिष्ठी लाल, कोबाल्ट जांभळा, अल्ट्रामरीन आणि कोबाल्ट निळे, हिरवे, आणि पांढरा. शेजारचे रंग एकमेकांत आणि पांढऱ्यात मिसळलेले चालत. विरोधी रंग कधीही नाहीत.

या शिस्तीला सगळेच टिकले नाहीत. वयाने कितीतरी मोठा असलेला इम्प्रेशनिस्ट चित्रकार कामिय पिसारो १८८५ च्या सुमारास या तरुणांना येऊन मिळाला आणि काही वर्षांनी सोडून गेला. समोरचं दृश्य पाहून मनात जे उमटतं ते या संथ पद्धतीत हातातून निसटतं, ही त्याची व्यथा होती. ती मला पटते. सिन्याकच्या काही चित्रांत हिशेब दिसतो आणि वारा दिसत नाही.

रसायनशास्त्रानेही दगा दिला. सराने 'ला ग्रांद जात'मध्ये झिंक यलो हा नवा चकचकीत पिवळा वापरला होता. काही वर्षांतच तो काळवंडून तपकिरी-मातकट झाला. सराच्या मृत्यूनंतर वर्षभरात फेनेआँने त्याबद्दल खंत व्यक्त केली होती. उन्हातल्या गवतावरचे जे ठिपके लखलखायला हवे होते ते आज मंद दिसतात. ज्या चित्राचा सगळा डोलारा शेजारच्या रंगांच्या नात्यावर उभा आहे, त्यातला एक रंग हलला की भोवतालचे सगळेच हलतात. संग्रहालयातल्या चित्राकडे बघताना हे ध्यानात ठेवावं.

१९०४ च्या उन्हाळ्यात आँरी मातिस हा फ्रेंच चित्रकार सां-त्रोपेला सिन्याकच्या शेजारी राहायला आला. त्याने तिथल्या अनुभवावर ठिपक्यांच्या पद्धतीने एक मोठं चित्र केलं, आणि सिन्याकने ते विकत घेतलं. पण मातिसचे टिपके विटांएवढे झाले होते. पुढच्याच उन्हाळ्यात तो आंद्रे दरँ या चित्रकाराबरोबर कोलिऊर या दुसऱ्या बंदरगावी गेला आणि तिथे त्याने रंग विभागणं सोडून सलग, भडक रंगांचे पट्टेच मारले. १९०६ मध्ये त्याचं नवं सपाट रंगांचं चित्र पाहून सिन्याक नाराज झाला. निळ्याशेजारी केशरी ठेवायचं मात्र मातिसने सोडलं नाही.

आपल्यापैकी अनेकांची मुलंबाळं आता परदेशात आहेत, जाणं-येणं असतं, म्हणून सांगतो. 'लाल बोया' पॅरिसच्या ऑर्सेत. सराची बंदरं न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आणि लंडनच्या नॅशनल गॅलरीत. 'ला ग्रांद जात' शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये. सिन्याकचं १९०१-०२ मधलं सां-त्रोपेच्या बंदराचं मोठं चित्र टोकियोच्या पाश्चात्त्य कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात. समोर गेलात तर आधी दालनाच्या पार टोकाला उभे राहा, मग एकेक पाऊल पुढे या. कुठल्या पावलावर पाणी हलायला लागतं ते बघा. ती जागा प्रत्येकाच्या नजरेप्रमाणे थोडी वेगळी येते. चष्मा असेल तर एकदा काढूनही बघा. आणि मोबाइलवर फोटो काढायचा असेल तर शेवटी काढा, कारण चार बोटांच्या पडद्यावर सगळे ठिपके पुरते मिसळून जातात आणि उरतं ते बंदराचं एक साधं, नेटकं चित्र.